बाइकवरचा नेव्हिगेटर की फोनचा पडदा?

‘बाइकसाठी जीपीएस’ असं ऑनलाइन शोधलं की एकसारखे काळे चौकोन समोर येतात. पाच-सहा इंची स्क्रीन, मागे हँडलला पकडणारा क्लॅम्प, काचेवर पाण्याचे थेंब आणि मधोमध निळी रेघ. वर्णनंही तीच: जीपीएस, वॉटरप्रूफ, ब्लूटूथ. किंमत मात्र एकाची दुसऱ्याच्या कित्येक पट. गणपतीला गावी बाइकने जायचं ठरवलेला माणूस साहजिकच स्वस्तातला उचलतो आणि दोन्ही एकच समजतो.

ते एकच नाहीत. महागडा आहे तो खरा नेव्हिगेटर, गार्मिनचा झूमो किंवा टॉमटॉमचा रायडर या जातीचा. स्वस्तातला बहुतेक वेळा कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो, म्हणजे फोनवरची ॲप्स बाहेरच्या स्क्रीनवर आणणाऱ्या सोयी, दाखवणारा पडदा असतो. फरक एवढाच विचारायचा, की नकाशा कुठे साठवलाय आणि रस्ता कोण शोधतंय. नेव्हिगेटरच्या पोटात स्वतःचा अँटेना, स्वतःची मेमरी आणि त्यात भरलेला नकाशा असतो. फोन घरी विसरलात तरी तो तुम्हाला अलिबागहून वेंगुर्ल्याला नेईल. पडदा म्हणजे फोनचा आरसा. समोर फोन नसेल तर त्यात काही दिसत नाही. काही पडद्यांत जीपीएसचा अँटेना असतो हे खरं, पण तो वेग दाखवायला किंवा फोनला जागा सांगायला. नकाशा आणि हिशोब फोनचाच.

रॉयल एनफिल्डचा ट्रिपरही याच दुसऱ्या घराण्यातला. २०२० मध्ये मिटिऑर ३५० बरोबर आली ती बाण दाखवणारी छोटी गोल तबकडी, आणि २०२३ च्या हिमालयन ४५० वर गोल डॅशबोर्डमध्ये अख्खा गूगल नकाशा आला. दोन्हींत डोकं खिशातल्या फोनचं. दुकानात उभे असाल तर तपासायला सोपं आहे: फोन बंद करा आणि मग त्या वस्तूकडे मालवणचा रस्ता मागा.

आता रेंजचं. ‘रेंज नाही, म्हणजे जीपीएस नाही’ हे वाक्य कोकणातल्या प्रत्येक चहाच्या टपरीवर ऐकू येतं, आणि ते चूक आहे. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून रेडिओ संदेश सोडत असतात. आपलं यंत्र तो फक्त ऐकतं, परत काही पाठवत नाही. चार उपग्रहांचे संदेश मिळाले की आपण कुठे आहोत हे त्याला काढता येतं. सिमकार्ड नको, टॉवर नको. नेटवर्कचा उपयोग दोन गोष्टींसाठी. एक, उपग्रह आत्ता कुठे आहेत ही माहिती पटकन मिळते, म्हणून फोनला जागा लगेच सापडते. नेटवर्क नसेल तर तीच माहिती उपग्रहाकडूनच घ्यावी लागते आणि ती ३० सेकंदांनी एकदा अशा संथ गतीने येते, म्हणून यंत्र सुरू केल्यावर जरा थांबावं लागतं. दुसरी गोष्ट महत्त्वाची: नकाशाचे तुकडे आणि रस्त्याचा हिशोब. गूगल मॅप्स हे एरवी नेटवरून आणतं.

म्हणून घडतं काय, तर घरून निघताना रस्ता नीट मिळतो आणि रेंज गेल्यावरही तो चालू राहतो, कारण ठरलेल्या वाटेचा पट्टा फोनने आधीच उतरवून घेतलेला असतो. खाडीच्या उतारावर, दोन सड्यांमधल्या (सडा म्हणजे कोकणातलं कातळी पठार) घळीत एक वळण चुकलं की मात्र पंचाईत. निळा ठिपका अगदी बरोबर जागी असतो, भोवती मात्र कोरी पिवळट जागा, आणि नवा रस्ता काढायला कोणी नाही. उपग्रहांनी त्यांचं काम केलंय. नकाशा नाही, इतकंच.

यावर इलाज फुकट आहे, आणि तो केला की नेव्हिगेटरचा सगळ्यात मोठा फायदा बराचसा कापला जातो. गूगल मॅप्सवर रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गाचे चौकोन निघण्यापूर्वी उतरवून ठेवा. ऑफलाइन असताना त्यात ट्रॅफिक कळत नाही, पण गाडीचा रस्ता मिळतो. त्याहून बरं म्हणजे ऑसमअँड किंवा ऑर्गॅनिक मॅप्स. ओपनस्ट्रीटमॅपचे नकाशे वापरणारी ही ॲप्स आधी नकाशा उतरवून घेतात आणि मग नेटशिवाय रस्ता काढतात. दोन्ही अँड्रॉइड ऑटोवर चालतात, म्हणजे त्या स्वस्त पडद्यावरही दिसतात.

तरीही एका कामात खरा नेव्हिगेटर पुढे आहे, आणि कोकणच्या किनाऱ्याला ते काम नेमकं लागू पडतं. तुम्हाला रेवसपासून रेडीपर्यंत सागरी मार्गाने जायचंय. नकाशाच्या ॲपला हे पटत नाही. त्याला वेळ वाचवायचा असतो, म्हणून संधी मिळाली रे मिळाली की ते तुम्हाला आत, मुंबई-गोवा महामार्गावर ओढतं. वाटेत खाड्या आहेत आणि त्या ओलांडायला जंगल जेटी, म्हणजे गाड्याही नेणाऱ्या फेरीबोटी: आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड. सेटिंगमध्ये ‘फेरी टाळा’ चालू राहिलं तर दाभोळला जेटीच्या तोंडावर उभं असताना यंत्र तुम्हाला दापोली, खेड, चिपळूण करून गुहागरला नेऊ पाहतं. पलीकडचा धोपाव्याचा काठ डोळ्यांना दिसत असताना शंभर किलोमीटरहून जास्तीचा फेरा.

नेव्हिगेटरमध्ये घरी संगणकावर बसून हवी तशी रेघ आखता येते, हर्णे-आंजर्ले करून, आरे-वारेच्या चढावरून, कुणकेश्वरला वळून. ती रेघ साठवलेली जीपीएक्स फाइल यंत्रात टाकली की ते त्याच रेघेला धरून चालतं. गूगल मॅप्समध्ये मधले थांबे घालून असं करता येतं, पण थांबे मोजकेच, आणि मधला रस्ता ते आपल्या मर्जीने बदलतं. ऑसमअँडमध्ये जीपीएक्स मागोमाग जाता येतं, जरा किचकट आहे एवढंच. पाच-सहा बाइक्सचा गट असेल तर सगळ्यांच्या यंत्रात एकच फाइल टाकावी. पुढचा दिसेनासा झाला की फोनाफोनी करावी लागत नाही. एक सेटिंग मात्र आवर्जून बदला: वाट सुटली की आपोआप नवा मार्ग काढू नये, आधी विचारावं. नाहीतर आंब्याच्या बागेत फोटोसाठी वळलात तेवढ्यात तुमची आखलेली रेघ पुसून यंत्र मोकळं होतं.

जेटीची शेवटची फेरी कधी, भरती-ओहोटीमुळे थांबली का, हे दोघांनाही विचारू नका. तिकीट फाडणाऱ्याला विचारा.

गूगल मॅप्सने २०१७ च्या डिसेंबरमध्ये भारतात दुचाकीसाठी वेगळा मार्ग सुरू केला. शहरात तो उपयोगी आहे. कोकणातल्या वाड्यांत मी तो बंद ठेवतो. दुचाकी म्हटलं की गल्लीबोळ आले, आणि इथले गल्लीबोळ म्हणजे जांभ्या दगडाच्या पाखाड्या. पायऱ्या असतात हो त्यांना, आणि पावसात शेवाळ. सामान लादलेली साडेतीनशे सीसीची गाडी घेऊन पाखाडीच्या तोंडाशी उभं राहिलात की खालची आजी विचारते, ‘कोणाकडं जायचंय?’ आणि मग साकवावरून नको, वरच्या वाडीतून ये असं सांगते. चारचाकीचा रस्ता मागितला तर निदान चाकं जातील अशी वाट मिळते.

पाऊस, मीठ आणि ऊन यांत पडद्याची बाजू मला वाटलं होतं त्यापेक्षा बरी निघाली. त्याचं कारण पडदा नाही, फोन आहे. फोन हँडलवर लावणं तीन कारणांनी वाईट. मोठ्या इंजिनाच्या कंपनांनी कॅमेऱ्यातली थरथर आवरणारी यंत्रणा बिघडू शकते असा इशारा ॲपलने सप्टेंबर २०२१ मध्ये स्वतःच दिला. दुसरं ऊन: आयफोन ० ते ३५ अंशांत वापरावा असं कंपनी सांगते, आणि मे महिन्यात सड्यावरच्या उन्हात हँडलवरच्या काळ्या फोनचं काय होतं हे पाहायला थर्मामीटर लागत नाही, स्क्रीन आधी मंद होते, मग फोन हात टेकतो. तिसरं, पावसात चार्जिंगच्या खाचेत पाणी. पडदा घेतला तर फोन रेनकोटच्या आतल्या खिशात सुखरूप राहतो, आणि भिजायचं, थरथरायचं काम पडद्याकडे जातं. फक्त फोन बाइकला लावलेल्या ॲल्युमिनियमच्या सामानपेटीत ठेवू नका. धातूच्या आत उपग्रह ऐकू येत नाहीत आणि पडद्याशी असलेला वायफायचा धागाही तुटतो. शिवाय तो वायफाय आणि जीपीएस दिवसभर चालू म्हणजे फोनची बॅटरी झपाट्याने उतरते, तेव्हा खिशात पॉवरबँक हवी.

नेव्हिगेटरचा पडदा मात्र हातमोज्यांसह वापरायला आणि पावसाचे थेंब बोटं न समजायला घडवलेला असतो. स्वस्त पडद्यांना हे जमतंच असं नाही. आषाढातल्या सरीत नकाशा आपोआप लहान-मोठा होऊ लागतो, गाणं बदलतं, कुणाला तरी फोन लागतो. जुलैत कुंभार्ली घाट उतरणार असाल तर हा फरक पैशांचा वाटत नाही.

यंत्राच्या पेटीवरचं आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकण्याची परीक्षा, तीही गोड्या पाण्यातली. जोराने मारलेल्या पाण्याच्या फवाऱ्याची ती हमी नाही, आणि खाऱ्या हवेची तर नाहीच नाही. किनाऱ्यावर चार्जिंगच्या पितळी पिना कळकतात, मग यंत्र चालू-बंद होत राहतं. जेटीवरून उतरल्यावर, मुक्कामी पोचल्यावर ओल्या फडक्याने पुसून कोरडं करा. वायरिंग करताना इलेक्ट्रिशियनला दोनच गोष्टी बजावा: फ्यूज घाल, आणि जोडणी चावी फिरवल्यावरच वीज येईल अशी कर. बहुतेक पडद्यांना स्वतःची बॅटरी नसते. नेव्हिगेटरला काही तासांची असते, म्हणून तो काढून खोलीत नेऊन उद्याचा रस्ता बघता येतो.

घाटात एका बाजूला कडा आणि वर झाडं, अर्धं आकाश झाकलेलं. इथे उपग्रह जितके जास्त दिसतील तितकं बरं, म्हणून जीपीएसबरोबर रशियाचे ग्लोनास, युरोपचे गॅलिलिओ वगैरे उपग्रहही ऐकणारं यंत्र चांगलं. पण आजकालचे फोनही हे सगळे ऐकतात आणि मोकळ्या आकाशाखाली पाच मीटरच्या आसपास अचूक असतात. अचूकतेसाठी म्हणून महागडा नेव्हिगेटर घ्यायचं कारण उरलेलं नाही. नाविक या आपल्या भारतीय उपग्रह यंत्रणेचा शिक्का पेटीवर दिसला म्हणूनही जास्त पैसे मोजू नयेत. बोगद्यात सगळेच बहिरे.

बोगद्यावरून आठवलं. कशेडीला आता बोगदा आहे, आणि जुना नकाशा भरलेला नेव्हिगेटर तुम्हाला घाटाने वर चढवेल. महामार्गाच्या चौपदरीकरणात वळणं इतकी बदलली, की दोन वर्षांपूर्वीच्या नकाशावर तुम्ही शेतातून गाडी चालवताय असं दिसतं. वरंध घाट पावसाळ्यात अनेकदा बंद ठेवतात. ते रेंज असलेल्या फोनला कळू शकतं, एकट्या नेव्हिगेटरला नाही. तेव्हा नेव्हिगेटर घेतलात तरी निघण्याच्या आदल्या रात्री नकाशा अद्ययावत करा आणि सकाळी फोनवर एक नजर टाका.

आखातातला भाऊ किंवा अमेरिकेतली मेहुणी नेव्हिगेटर आणणार असेल तर आधी पेटीवरचा प्रदेश वाचून घ्यायला सांगा. ही यंत्रं प्रदेशाप्रमाणे नकाशे भरून विकली जातात. उत्तर अमेरिकेचा नकाशा घेऊन आलेला झूमो देवगडात फक्त उत्तर दिशा आणि वेग सांगेल, मग भारताचा नकाशा वेगळा मिळवून भरावा लागतो. तो ओपनस्ट्रीटमॅपवरूनही करता येतो, पण मेहुणीच्या भेटवस्तूवर शनिवार-रविवार घालवायची तयारी हवी.

वर्षातून दोनदा, होळीला आणि गणपतीला, मुंबई-पुण्याहून गावी जाणाऱ्याने पडदा घ्यावा आणि फोनवर ऑफलाइन नकाशे ठेवावेत. तेवढ्याने भागतं. जो भर पावसात फिरतो, गट घेऊन निघतो, आखलेली रेघ सोडायला तयार नसतो आणि इथून पुढे लडाख-स्पितीलाही जाणार आहे, त्याने खुशाल नेव्हिगेटरवर पैसे टाकावेत. आणि जो रोज पावसपासून रत्नागिरीला कामावर जातो त्याला दोन्ही नकोत. त्याच पैशांत दोन चांगले टायर येतात.