लग्नाचे फोटो पिवळे का येतात? छापायला देण्याआधी वाचा

"मोबाइलवर छान दिसत होता, तुम्ही छापलात आणि पिवळा आला!" लग्नसराईत हे आम्ही काउंटरवर रोज ऐकतो. खरं तर पिवळेपणा बहुधा फाइलमध्येच असतो. स्क्रीनकडे पाहता पाहता डोळे त्याला सरावतात, म्हणून तो जाणवत नाही. कागदाला पांढरी कड असते. तिच्याशेजारी झाक लपत नाही.

झाक येते उजेडामुळे. उजेडाचा रंग केल्विन या एककात मोजतात: आकडा लहान तितका उजेड पिवळा, मोठा तितका निळा. साध्या बल्बचा उजेड २७०० ते ३००० केल्विनचा, म्हणजे पिवळट. दुपारचं ऊन ५५०० च्या आसपास. सावलीत हा आकडा ७००० च्या वरही जातो, म्हणून तिथे चेहरे निळसर दिसतात. जुन्या ट्यूबलाइटची झाक हिरवी. आणि मांडवाचं कापड गुलाबी असेल तर ऊन त्यातूनच गाळून येतं, मग भटजींसकट सगळे गुलाबी.

झाक काढायची म्हणजे तिच्या विरुद्ध रंग वाढवायचा: पिवळ्यावर निळा, हिरव्यावर मजेंटा (गडद गुलाबी-जांभळा). किती वाढवायचा हे ठरवायला फोटोत एखादी खरोखर पांढरी किंवा करडी वस्तू लागते. आम्ही आधी अंतरपाट शोधतो. मुंडावळ्यांच्या मोत्यांवर विसंबत नाही. ते बरेचदा क्रीम रंगाचे असतात, त्यांना पांढरं केलं की नवरीचा चेहरा निळा पडतो. आजोबांचं धोतर उलटं फसवतं. त्याला नीळ दिलेली असते, ते पांढरं धरलं तर सगळ्या वऱ्हाडाला कावीळ! फ्लॅशने पार उडालेला पांढरा भागही निरुपयोगी, कारण तिथे लाल, हिरवा, निळा तिन्ही २५५ ला, म्हणजे फाइलमधल्या कमाल आकड्याला, टेकलेले असतात आणि झाकेचा मागमूस उरत नाही.

चेहऱ्यावर एकीकडून खिडकीचा आणि दुसरीकडून हॅलोजनचा उजेड असेल तर प्रत्येक भाग वेगळा धरून हाताने काम करावं लागतं. त्याचे पैसे वेगळे. आधी विचारूनच घेतो. संगीताच्या रात्रीचे निळे-जांभळे एलईडी मात्र आमच्याही हाताबाहेरचे. त्या उजेडात त्वचेचे रंग नीट नोंदलेच जात नाहीत, मग आणायचे कुठून? असे फोटो सरळ ब्लॅक अँड व्हाइट करून घ्या, झकास दिसतात.

हळदीचा फोटो पिवळाच हवा. तिथे मोबाइलमधलं 'ऑटो' (रंग आपोआप सुधारणारं बटण) दाबू नका, नवरी पांढरीफटक होते.

फोटो निवडताना मोबाइलचा नाइट लाइट बंद ठेवा, नाहीतर स्क्रीनच पिवळी असते. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचे तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा; साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो दाबून लहान होतो आणि रंग सुधारताना चेहऱ्यावर चट्टे उमटतात. फिल्टर लावलेला नको, मूळ द्या. कॅमेऱ्याची रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेली, प्रक्रिया न केलेली मूळ नोंद) असेल तर उत्तमच, तिच्यात रंग सुधारायला भरपूर वाव असतो.

आणि साडीचा रंग आवर्जून सांगा. मोरपंखी पैठणी हिरवी की निळी, हे आम्ही फोटोवरून कसं ठरवणार? तिचा ब्लाउजपीस उरला असेल तर घेऊनच या.

अल्बमआधी ४ × ६ इंचाचा एक नमुना काढून देतो. तो आमच्या दुकानातल्या दिव्याखाली पाहू नका, घरी नेऊन दिवसा खिडकीपाशी पाहा. पटला तर मागे सही करून परत आणा. अल्बमचे रंग त्याच्याशीच जुळवतो.