टाचदुखीसाठी तळव्याचे टेपिंग

पायाच्या तळव्यावर ठरावीक रीतीने टेप चिकटवून टाचेखालच्या दुखऱ्या फॅशियावरचा, म्हणजे तळव्यातल्या चिवट पट्ट्यावरचा ताण उतरवण्याची ही फिजिओथेरपीतील पद्धत. प्लांटर फॅशिआयटिस या दुखण्यात ती वापरतात. पुण्यात या दुखण्याला नुसते ‘टाचदुखी’ म्हणतात, आणि एक्स-रे काढून झाला असेल तर ‘टाचेचे हाड वाढले आहे’ असे सांगतात. हे दुसरे नाव फसवे आहे. हाडाचा तसा काटा टाच कधीच न दुखलेल्या अनेकांच्या एक्स-रेतही दिसतो.

दुखण्याची खूण ओळखीची आहे. सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टाकले की टाचेच्या आतल्या कडेला खिळा टोचावा तशी कळ येते. थोडे चालल्यावर ती ओसरते आणि बराच वेळ बसून उठले की परत येते. भिंत धरून न्हाणीघरापर्यंत गेलेला माणूस अर्ध्या तासाने नीट चालताना दिसतो, म्हणून घरच्यांना त्याचे दुखणे पटत नाही. ते पटवून घ्यायला हवे.

फॅशिया हा टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळांपर्यंत गेलेला चिवट तंतूंचा पट्टा. पाऊल पुढे टाकताना बोटे वर वळतात, तेव्हा रहाटावर दोर गुंडाळला जावा तसा तो बोटांच्या मुळाशी ताणला जातो आणि पायाची कमान उचलली जाते. ही क्रिया हिक्स या संशोधकांनी 1954 मध्ये मांडली. ताण सोसवेनासा झाला की टाचेजवळचे तंतू खराब होऊ लागतात. आजाराच्या नावातल्या ‘आयटिस’चा अर्थ दाह असला, तरी शस्त्रक्रियेत काढलेल्या ऊतींच्या 2003 मधील एका अभ्यासात दाहाऐवजी झीजच आढळली. टेप ही झीज भरून काढत नाही. तो कमानीला खालून आधार देतो, एवढेच त्याचे काम.

रूढ पद्धत ‘लो-डाय’ या नावाने ओळखली जाते. अमेरिकी पादचिकित्सक राल्फ डाय यांच्यावरून ते नाव पडले. तिच्यासाठी झिंक ऑक्साइडचा, न ताणला जाणारा, साधारण 38 मिमी रुंदीचा टेप लागतो. पाय पलंगाच्या कडेबाहेर काढून घोटा काटकोनात धरायचा. पहिली पट्टी करंगळीच्या मुळामागून निघते, बाहेरच्या कडेने टाचेला मागून वळसा घालते आणि आतल्या कडेने अंगठ्याच्या मुळाशी संपते. मग आडव्या पट्ट्या येतात. त्या बाहेरून तळव्याखालून आत ओढायच्या, प्रत्येकीने आधीचीचा निम्मा भाग झाकायचा. शेवटी पहिलीसारखीच एक पट्टी वरून लावून सगळ्यांची टोके दाबून टाकायची. सुरकुती राहिली की तिथे फोड आलाच. पायाच्या वरच्या बाजूने घट्ट वेढा घालू नये, कारण उभे राहिल्यावर पाऊल पसरते. अंगठ्याचे नख दाबून सोडावे; गुलाबी रंग लगेच परतला पाहिजे.

आषाढी वारीत ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात दोन रात्री मुक्कामी असतात, तेव्हा ठिकठिकाणी वारकऱ्यांचे पाय तेलाने चोळून दिले जातात. या सेवेने शिणलेल्या पोटऱ्या मोकळ्या होतात, पण तेलकट तळव्यावर टेप टिकत नाही. पुढे दिवेघाट चढायचा असेल, तर पाय साबणाने धुऊन अगदी कोरडे करूनच टेप लावावा. पावसात भिजलेला टेप बदलावा. पर्वतीच्या पायऱ्या, वेताळ टेकडी किंवा सिंहगड रोज चढणाऱ्यांनी टेपच्या भरवशावर चढ वाढवू नये. चढताना पोटरी ताणते आणि तो ताण टाचेपर्यंत पोहोचतो. घरात फरशीवर अनवाणी वावरण्याची आपली सवयही टाचेला जड जाते. घरात वापरायच्या मऊ चपला वेगळ्या ठेवल्या, तर कोणाला त्यात अस्वच्छता वाटू नये.

उपयोग अल्पकाळाचा आहे. ऑस्ट्रेलियात 2006 मध्ये झालेल्या चाचणीत आठवडाभराच्या लो-डाय टेपिंगने पहिल्या पावलाची कळ थोडीशी कमी झाली. चालण्याने टेप लवकर सैल होतो, म्हणून तो एक-दोन दिवसांनी बदलतात. त्याचा खरा फायदा असा की टेपने बरे वाटले, तर कमानीला आधार देणारे बूट किंवा इनसोल (बुटात घालायचा तळवा) उपयोगी पडण्याची आशा धरता येते. मूळ उपचार म्हणजे पोटरीचे आणि तळव्याचे ताण देणारे व्यायाम, टाचा उचलण्याचा व्यायाम आणि उभे राहण्याचे तास कमी करणे. लक्ष्मी रस्त्यावरच्या दुकानात दिवसभर उभ्या असलेल्या माणसाला यातले शेवटचे सर्वांत अवघड. बहुतेकांचे दुखणे वर्षभरात शमते.

मधुमेहामुळे तळव्याची संवेदना कमी झालेल्यांनी, पायात रक्तपुरवठा कमी असलेल्यांनी, जखम किंवा भेगा असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय टेप लावू नये. मुंग्या, खाज किंवा आग सुरू झाली तर तो लगेच काढावा. काढताना मात्र तेल हवे: कडेला थेंबभर खोबरेल लावून, त्वचा एका हाताने धरून, हळूहळू सोलावा.