नैराश्याची गोळी : पहिले सहा आठवडे आणि नंतरचे सहा महिने

ठाणे-नवी मुंबईत नैराश्याचा पेशंट थेट मानसोपचारतज्ज्ञाकडे क्वचितच जातो. आधी फॅमिली डॉक्टर. तिथे तक्रार असते ती अंगदुखीची, जड डोक्याची, जेवण न जाण्याची, पहाटे साडेतीनला उघडलेला डोळा परत न लागण्याची. ऐरोलीत नाइट शिफ्ट करणारा मुलगा म्हणतो, कामात लक्ष लागत नाही. नौपाड्यातल्या आजी म्हणतात, पोटात गोळा आल्यासारखं होतं. 'उदास वाटतं' हे कुणी आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं.

मग रक्ततपासणी होते आणि ती व्हायलाच हवी. हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची चाचणी), बी-१२, साखर एवढं तरी बघावं, कारण मंदावलेलं थायरॉइड किंवा ॲनिमिया हुबेहूब नैराश्यासारखा दिसू शकतो. पुढे गाडी दोन ठिकाणी घसरते. रिपोर्ट नॉर्मल आले की 'काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका' म्हणून विषय मिटतो. किंवा बी-१२ कमी निघतं, इंजेक्शनांचा कोर्स होतो आणि आजाराचं कारण सापडलं असं सगळे धरून चालतात. आपल्याकडे, विशेषतः शाकाहारी घरांत, बी-१२ इतक्या जणांचं कमी असतं की ते कमी आहे म्हणून तेच कारण, असं म्हणता येत नाही. कमतरता भरून काढावी आणि नैराश्याचा प्रश्न वेगळा विचारावा.

तो प्रश्न नेमका आहे. सतत दोन आठवडे, दिवसाचा बराचसा वेळ, मन उदास आहे का? किंवा आधी आवडणाऱ्या गोष्टींतला रस गेला आहे का? या दोनपैकी एक असायलाच हवं. त्याखेरीज झोप, भूक, थकवा, एकाग्रता, हालचाल मंदावणं किंवा अस्वस्थ येरझारा, स्वतःला दोष देत राहणं आणि मरणाचे विचार. अशा एकूण नऊ लक्षणांपैकी किमान पाच असतील आणि कामधंदा, घर, नाती यांत अडथळा येत असेल तर निदानाकडे वळता येतं. पीएचक्यू-९ ही प्रश्नावली हेच नऊ मुद्दे ० ते ३ अशा गुणांत मोजते. एकूण २७ पैकी १० किंवा जास्त आले तर डॉक्टरांना दाखवावं, २० किंवा जास्त आले तर आजार तीव्र समजतात. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. तिथे शून्याखेरीज काहीही आलं तर बेरीज कितीही असो, त्याच दिवशी कुणाशी तरी बोलायला हवं.

निदानाआधीचा आणखी एक प्रश्न घाईच्या ओपीडीत राहून जातो : पूर्वी कधी चार-आठ दिवस झोप अगदी कमी असूनही अंगात प्रचंड उत्साह, भराभर बोलणं, बेफाम खर्च, मोठमोठे बेत, असं झालं होतं का? उत्तर 'हो' असेल तर आजार बायपोलर (कधी उदासी, कधी उन्माद असा) असू शकतो आणि नुसती नैराश्याची गोळी पेशंटला उन्मादाकडे ढकलू शकते. हे पेशंटपेक्षा बायकोला, आईला किंवा भावाला चांगलं आठवतं. म्हणून पहिल्या भेटीला घरचं कुणीतरी सोबत असावं.

कारण एक नसतं

'एवढं सगळं असताना याला डिप्रेशन कसलं?' हा प्रश्न चुकीच्या गृहीतकावर उभा आहे. जुळ्यांच्या अभ्यासांवरून नैराश्यातला आनुवंशिक वाटा साधारण ३५ ते ४० टक्के धरतात. तोही कुठल्या एका जनुकाचा नाही, शेकडो जनुकांच्या बारीक परिणामांची ती बेरीज आहे. उरलेल्यात लहानपणीचा छळ किंवा दुर्लक्ष, जवळच्याचा मृत्यू, नोकरी जाणं, कर्ज, बाळंतपणानंतरचे महिने, मधुमेह, हृदयविकार, दारू, काही औषधं (लांबलेला स्टेरॉइडचा कोर्स यातलाच), तुटकी झोप असं बरंच काही येतं. स्त्रियांमध्ये प्रमाण पुरुषांच्या सुमारे दुप्पट आढळतं. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमुळे नैराश्य येत नाही. पण रोजचे तीन तास प्रवासात गेले की झोप, व्यायाम आणि माणसांशी बोलणं या तीन गोष्टी आधी कापल्या जातात आणि आजाराला बांध घालणाऱ्या नेमक्या त्याच.

'मेंदूतलं केमिकल' ही गोष्ट आली कुठून?

नैराश्य म्हणजे मेंदूतलं केमिकल कमी होणं, असं बरेचदा सांगितलं जातं. त्या गोष्टीचा एक धागा मुंबईतून जातो. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये सर्पगंधेचा रक्तदाबावरचा उपयोग ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला आणि ही भारतीय मुळी जगभर पोचली. १९५२ मध्ये तिच्यातून रेसरपिन हे द्रव्य वेगळं काढलं गेलं. ते घेणाऱ्या काही रक्तदाबाच्या रुग्णांना नैराश्य आल्याच्या नोंदी झाल्या, आणि रेसरपिन मज्जापेशींमधले सेरोटोनिन, नॉरॲड्रेनॅलिन या निरोप पोचवणाऱ्या द्रव्यांचे साठे रिकामे करतं हेही कळलं. उलट टोकाला, क्षयावर दिलेल्या इप्रोनियाझिडने काही रुग्ण तरतरीत झाले. ते औषध याच द्रव्यांचं विघटन थांबवत होतं. दोन्ही निरीक्षणं जोडून १९६० च्या दशकात सिद्धांत बनला की नैराश्य म्हणजे या द्रव्यांची कमतरता.

सिद्धांत सुटसुटीत होता, म्हणून टिकला. पण सेरोटोनिन कमी असल्याचा सरळ पुरावा नंतर मिळाला नाही. २०२२ मध्ये आलेल्या एका मोठ्या आढाव्यानेही तेच म्हटलं, आणि 'मग गोळ्या बोगसच' अशा मथळ्यांना ऊत आला. तो निष्कर्ष मात्र चुकीचा. आजाराचं कारण आणि औषधाचा उपयोग हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्याचं उत्तर चाचण्यांतून मिळतं. २०१८ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या विश्लेषणात ५२२ चाचण्या आणि १ लाख १६ हजारांवर रुग्ण एकत्र तपासले गेले. २१ च्या २१ औषधं प्लासिबोपेक्षा, म्हणजे नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा, सरस निघाली.

किती सरस, हेही स्पष्ट सांगायला हवं. औषध घेणाऱ्या १०० पैकी सुमारे ५० जणांची लक्षणं सहा-आठ आठवड्यांत निम्म्यावर येतात, दिखाऊ गोळीवर ३५ ते ४० जणांची. पहिल्याच औषधाने पूर्ण बरे होणारे साधारण एक तृतीयांश. आजार जितका तीव्र तितका औषधाचा फायदा ठळक. सौम्य नैराश्यात आधी समुपदेशन, व्यायाम आणि झोपेची घडी बसवणं, हाच रस्ता योग्य. तिथे पहिल्या दिवशी गोळी लिहून देणाऱ्याला जरा प्रश्न विचारावेत.

गोळी सुरू झाल्यावर

आज सर्वाधिक वापरली जाणारी औषधं एसएसआरआय गटातली : एसिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुऑक्सेटिन. एका मज्जापेशीने सोडलेलं सेरोटोनिन तीच पेशी परत शोषून घेते. हे औषध ते शोषण अडवतं, तेही काही तासांत. तरी माणसाला बरं वाटायला दोन ते सहा आठवडे लागतात. सुरुवातीला सेरोटोनिन वाढल्याचं पाहून पेशीवरचे नियंत्रक ग्राहक (रिसेप्टर) ते सोडणंच कमी करतात, हे ग्राहक ढिले पडायला काही आठवडे जातात. शिवाय मज्जापेशींमधल्या जोडण्या नव्याने घडणं हे सावकाश होणारं काम आहे.

गोची अशी की त्रास पहिल्या दिवसापासून आणि फायदा तिसऱ्या आठवड्यापासून. मळमळ, पातळ शौचास, डोकेदुखी, थोडी बेचैनी हे बहुधा आठ-दहा दिवसांत ओसरतं. म्हणून एसिटालोप्राम बरेच डॉक्टर ५ मिग्रॅपासून जेवणानंतर सुरू करतात आणि आठवड्याने १० मिग्रॅ करतात. कमाल २०, साठीपुढे सहसा १०. सर्ट्रालिन २५ वरून ५०. झोप उडत असेल तर गोळी सकाळी घ्यावी, सुस्ती येत असेल तर रात्री. नाइट शिफ्टवाल्याची 'सकाळ' म्हणजे दुपारी दोनला उठल्यावरची, घड्याळातली नाही.

सुधारणा ठरलेल्या क्रमाने येतेच असं नाही, पण अनेकांत झोप आणि हालचाल आधी सुधारते, निराशा नंतर. घरच्यांना फरक आधी जाणवतो. इथेच एक धोका आहे : अंगात बळ आलंय पण मनातला अंधार गेलेला नाही, असे काही दिवस असतात. २५ वर्षांखालच्या मुलांमध्ये आणि तरुणांमध्ये पहिल्या आठवड्यांत आत्महत्येचे विचार वाढू शकतात, याचा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये मुलांसाठी दिला आणि २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांनाही लागू केला. त्यामुळे सुरुवातीला दर आठवड्याला भेट किंवा निदान फोन, औषधांचा साठा घरच्यांच्या ताब्यात, आणि बेचैनी अचानक वाढली तर पुढच्या तारखेची वाट न बघणं.

पुरेशा मात्रेवर चार आठवड्यांत काडीचाही फरक नसेल तर मात्रा वाढवायची की औषध बदलायचं हे डॉक्टर ठरवतात. थोडा तरी फरक दिसत असेल तर सहा-आठ आठवड्यांआधी 'औषध लागू पडलं नाही' असा निकाल देऊ नये.

एका गोष्टीकडे मुद्दाम लक्ष वेधायला हवं. पुष्कळदा चिठ्ठीवर एसिटालोप्राम १० आणि क्लोनाझेपाम ०.५ अशी जोडगोळी असते. क्लोनाझेपामने पहिल्या रात्रीपासून झोप लागते, धडधड थांबते, म्हणून पेशंट खूष. पण ते नैराश्याचं औषध नाही, सवय लावणारं शामक आहे. दोन ते चार आठवडे ठीक. पुढे तीच चिठ्ठी केमिस्टकडे दाखवत वर्ष निघतं, आणि एके दिवशी गोळी बंद केली की झोप उडते, हात थरथरतात, क्वचित फिटही येते. लोक म्हणतात, 'बघा, डिप्रेशनच्या गोळीची सवय लागली.' सवय लागते ती त्यातल्या दुसऱ्या घटकाची. स्ट्रिपवर ब्रँडच्या नावाखाली बारीक अक्षरांत काय लिहिलंय ते वाचावं. दोन औषधं दिसली तर क्लोनाझेपाम कधी आणि कसं कमी करायचं हे पहिल्याच भेटीत विचारून ठेवावं. बारीक अक्षरं वाचण्याचा आणखी एक उपयोग : दोन डॉक्टरांनी दोन वेगळ्या ब्रँडच्या नावाने एकच औषध लिहिलेलं असतं आणि डोस नकळत दुप्पट होतो.

इतर औषधांशी जमवून घेतानाची भांडणं ठरलेली आहेत. एसएसआरआयबरोबर रोज डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन असेल तर पोटात रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते. ट्रामाडॉल हे दुखण्याचं औषध घेतलं तर घाम, थरथर, ताप, गोंधळ असा सेरोटोनिनचा अतिरेक होऊ शकतो. वयस्कर माणसाला रक्तदाबासाठी हायड्रोक्लोरोथायझाइड असलेली गोळी चालू असेल तर रक्तातलं सोडियम घसरू शकतं (सामान्य पातळी १३५ ते १४५). आजी अचानक असंबद्ध बोलू लागली किंवा तोल जाऊन पडली तर 'वय झालं' म्हणण्याआधी सोडियम तपासावं. त्यातून एप्रिल-मे असेल तर अधिकच.

लैंगिक इच्छा कमी होणं हा दुष्परिणाम बराच आढळतो, पण तो सांगायची लाज वाटते, आणि लोक गुपचूप गोळी सोडून देतात. मात्रा कमी करणं, बुप्रोपिऑन किंवा मिर्टाझॅपिनकडे वळणं असे उपाय आहेत. विचारलं तरच मिळतील.

बरं वाटल्यावर

सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. तिसऱ्या महिन्यात माणूस हसतो-खेळतो, आणि गोळी बंद होते. पूर्ण बरं वाटू लागल्यानंतर पहिल्या झटक्यात आणखी सहा ते नऊ महिने, आजार पुन्हा पुन्हा येत असेल तर दोन वर्षं किंवा अधिक, हा सर्वसाधारण नियम. आधी थांबवलं तर आजार उलटण्याची शक्यता बरीच वाढते.

थांबवायचं तेही पायऱ्यांनी, काही आठवडे ते काही महिने घेऊन, आणि शेवटच्या पायऱ्या जास्त बारीक. गणपतीला कोकणात गेलेल्या माणसाची स्ट्रिप घरीच राहून गेली की तिसऱ्या दिवशी चक्कर, मळमळ, चिडचिड, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके सुरू होतात. पॅरोक्सेटिनमध्ये हे जोरात होतं, फ्लुऑक्सेटिन शरीरात आठवडेच्या आठवडे रेंगाळत असल्याने त्यात कमी. ही लक्षणं आणि आजार परतणं यांत फरक वेळेचा : झटके दोन-चार दिवसांत येतात आणि गोळी घेतली की बहुधा एक-दोन दिवसांत थांबतात, आजार मात्र आठवड्यांनी, हळूहळू शिरतो. एक डोस चुकला तर आठवताच घ्यावा, दुसऱ्या डोसची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्यावा. दोन एकदम घेऊ नयेत.

मध्यम ते तीव्र नैराश्यात औषध आणि मानसोपचार (म्हणजे बोलून करायचे उपचार) दोन्ही एकत्र, हे कुठल्याही एकापेक्षा चांगलं. विचार-वर्तन उपचाराची साधारण १२ ते १६ सत्रं होतात. त्यातला सर्वांत साधा भाग घरीही करता येतो : 'मन झालं की फिरायला जाईन' असं न ठरवता वेळ ठरवायची. सकाळी सात, तलावपाळीला एक फेरी, वीस मिनिटं. आधी आणि नंतर मनःस्थितीला ० ते १० गुण वहीत लिहायचे. पहिले काही दिवस आकडा हलत नाही. तरी जायचं, कारण या आजारात इच्छा कृतीच्या मागून येते. (पावसाळ्यात इमारतीचा जिना चालतो.)

समुपदेशक किंवा मानसशास्त्रज्ञ औषध लिहून देऊ शकत नाहीत, त्यासाठी डॉक्टरच लागतो, शक्यतो मानसोपचारतज्ज्ञ. ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासूनचं आहे. तिथे बाह्यरुग्ण विभाग चालतो आणि ओपीडीत दाखवलं म्हणजे भरती व्हावं लागतं, असं नाही. ठाण्यातच आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही संस्था १९९० पासून मानसिक आरोग्याचं काम करते आहे. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ वर चोवीस तास, मराठीतूनही, मोफत आहे. मरणाचे विचार येत असतील तर इथे आधी फोन करावा आणि माणसाला एकटं ठेवू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना शारीरिक आजारांच्या बरोबरीने मानसिक आजारांनाही विमा देणं बंधनकारक केलं आहे, तेव्हा पॉलिसी एकदा काढून बघावी. गोळ्यांचा खर्च जड जात असेल तर डॉक्टरांना जेनेरिक नावाने लिहून द्यायला सांगावं आणि जनऔषधी केंद्रात चौकशी करावी.

पहिल्या भेटीला जाताना चालू असलेल्या सगळ्या औषधांच्या स्ट्रिप पिशवीत घालून न्याव्यात, आयुर्वेदिक आणि होमिओपॅथीच्या बाटल्यांसकट.