४२ नंबरची पेटी यादीत का उरली?

देवगडहून वाशीला जाणाऱ्या हापूसच्या पेट्यांचा हिशेब पायथन या प्रोग्रामिंग भाषेत ठेवलाय असं धरा. यादीत चार पेट्या: ४१, ४२, ४३, ४४. त्यातल्या ४१ आणि ४२ गाडीत चढल्या. लूप फिरवून, म्हणजे ओळीने एकेक पेटी हाती घेत, चढलेली पेटी यादीतून काढायची, एवढंच काम. लूप संपतो, एररही येत नाही, आणि ४२ यादीत तशीच. ‘कॉम्प्युटर हुकतो कधीकधी’ म्हणून लोक सोडून देतात. दसऱ्याला त्याला हळदकुंकू खुशाल वाहा, पण ही पेटी दरवेळी उरणार.

लूप सुरू होताना यादीकडून एक इटरेटर मागून घेतो. या इटरेटरपाशी दोनच गोष्टी असतात: यादी कोणती आणि पुढचा क्रमांक कोणता. क्रमांक शून्यापासून सुरू. ‘नेक्स्ट’ म्हटलं की तो त्या क्रमांकावरचा घटक देतो आणि क्रमांक एकाने वाढवतो. घटक संपले की ‘स्टॉपइटरेशन’ हा अपवाद (एररसारखा इशारा) फेकतो, मग लूप थांबतो.

आता शून्यावरची ४१ हाती आली, क्रमांक झाला १. आपण ४१ काढली. बाकीच्या पेट्या एकेक घर अलीकडे सरकल्या: शून्यावर ४२, एकवर ४३. इटरेटरला याचा पत्ताच नाही. तो एकवरची ४३ देतो, मग ४४, खेळ खलास. ४२ तपासलीच गेली नाही. उपाय सोपा: यादीच्या प्रतीवर लूप फिरवा, किंवा न चढलेल्या पेट्यांची नवी यादीच बनवा.

डिक्शनरीत, म्हणजे नाव आणि त्याची नोंद अशा जोड्यांच्या साठ्यात, हाच उद्योग केला तर पायथन लगेच ‘रनटाइमएरर’ देतो. तिथे भर पडली की आतला तक्ता नव्याने मांडला जाऊ शकतो, जागांचा भरवसा राहत नाही. म्हणून इटरेटर सुरुवातीची घटकसंख्या लक्षात ठेवून दरवेळी ताडून बघतो. जावा या भाषेतली ‘ॲरेलिस्ट’ ही यादी आणखी कडक, ती बदलांचीच मोजदाद ठेवते. तरी भोक आहेच. त्याच चार पेट्यांवरचा लूप ४३ वर असताना थेट यादीतून ४३, म्हणजे शेवटून दुसरी, काढा. आतापर्यंत दिलेल्या पेट्या तीन, यादीची लांबीही तीन. ‘पुढे काही आहे का’ हे सांगणारं ‘हॅजनेक्स्ट’ फक्त हे दोन आकडे जुळवतं आणि ‘संपलं’ म्हणतं. तक्रार नाही, आणि ४४ बघितलीच जात नाही.

शेवट कळवायला अपवाद कशाला? २००१ साली पायथन २.२ मध्ये इटरेटर आले तेव्हाचं कारण साधं: ‘नन’सकट (म्हणजे ‘काहीच नाही’सकट) कुठलीही व्हॅल्यू यादीत असू शकते, मग ‘संपलं’ची खूण म्हणून कोणती राखून ठेवणार? रस्ट या भाषेने वेगळी वाट धरली. तिथे ‘नेक्स्ट’ प्रत्येक घटक ‘सम’च्या वेष्टनात देतं, संपल्यावर नुसतं ‘नन’. मला हे जास्त पटतं. कारण पायथनच्या जनरेटरमध्ये (मागेल तसा एकेक घटक देणाऱ्या फंक्शनमध्ये) आतल्या ‘नेक्स्ट’चा स्टॉपइटरेशन निसटला की अख्खा जनरेटर गुपचूप बंद पडायचा, ३.७ पासून त्याचा रनटाइमएरर होतो.

आणि फाइल उघडून तिच्यावर दोनदा लूप फिरवू नका. यादी दरवेळी नवा इटरेटर देते, फाइल मात्र स्वतःच स्वतःचा इटरेटर असते. दुसऱ्या फेरीत एकही ओळ मिळत नाही.