दाखलनोंद, संग्रहालयीन (ठाणे परिसर)

विद्यापीठाच्या, महाविद्यालयाच्या वा संशोधन संस्थेच्या संग्रहालयात वस्तू आली, की दाखल नोंदवहीत तिच्या नावाची एक ओळ पडते : क्रमांक, तारीख, वर्णन, माप, कोणाकडून, कोठून. ही ओळ म्हणजे दाखलनोंद. तिच्याभोवती पत्रव्यवहार, पोचपावत्या, उत्खननाच्या रोजनिश्या, छायाचित्रे आणि शिलालेखांचे कागदी ठसे साठत जातात. या सर्वांना मिळून संग्रहाचे अभिलेख म्हणतात. ठाणे परिसरातील वस्तूंच्या बाबतीत यांपैकी ‘कोठून’ हा रकाना सर्वांत घोटाळ्याचा असल्याने येथे त्याचा विचार विस्ताराने केला आहे.

विद्यापीठीय संग्रहालयांची परंपरा सामान्यतः ऑक्सफर्डच्या ॲश्मोलियन संग्रहालयापासून (१६८३) मोजतात. भारतात कलकत्ता विद्यापीठाचे आशुतोष संग्रहालय (१९३७) आणि बनारस हिंदू विद्यापीठातील भारत कला भवन ही जुनी उदाहरणे होत. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५२ पासून संग्रहालयशास्त्र शिकवले जाते. महाराष्ट्रात पुण्याच्या डेक्कन कॉलेजचा पुरातत्त्वीय संग्रह या दृष्टीने अग्रगण्य आहे.

‘ठाणे’ या नावाची व्याप्ती : जुन्या नोंदीत ‘ठाणे’ एवढाच शब्द असेल, तर त्याचा अर्थ शहर, तालुका की जिल्हा हे नोंदीच्या वर्षावरून ठरवावे लागते. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा १४ वा खंड (१८८२) ठाणे जिल्ह्यातील स्थळांविषयी आहे. त्यात कान्हेरी, घारापुरी आणि सोपारा या तिन्हींची सविस्तर वर्णने येतात. आज कान्हेरी मुंबई उपनगर जिल्ह्यात, घारापुरी रायगडात आणि सोपारा पालघरमध्ये आहे. तिन्हींपैकी एकही स्थळ सध्याच्या ठाणे जिल्ह्यात उरलेले नाही. पनवेल व उरणचा भाग १८८३ मध्ये कुलाब्याला जोडला गेला, १९२० मध्ये साष्टी या बेटाचा (ज्यावर ठाणे शहर व मुंबईची उपनगरे आहेत) दक्षिण भाग तोडून मुंबई उपनगर जिल्हा झाला, कुलाब्याचे नाव १९८१ मध्ये रायगड झाले आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा निघाला. त्यामुळे १८८० ची नोंद आणि १९३० ची नोंद यांतले ‘ठाणे’ एक नव्हे.

‘साष्टी’चा घोळ याहून सूक्ष्म आहे. शिलाहार या उत्तर कोकणच्या मध्ययुगीन राजघराण्याच्या लेखांतील षट्षष्टि, म्हणजे सहासष्ट गावांचा प्रदेश, यापासून हे नाव आले असे बहुतेक अभ्यासक मानतात. गोव्यातही याच नावाचा तालुका आहे आणि त्याची व्युत्पत्तीही सहासष्टांशीच जोडतात. दोन्ही प्रदेश पोर्तुगीज अमलाखाली होते (ठाण्याची साष्टी मराठ्यांनी १७३७ मध्ये घेईपर्यंत) आणि पोर्तुगीज कागदांतील दोन्ही नावांत एखाद्या अक्षराचाच फरक पडतो. ख्रिस्ती मूर्ती, थडग्यांचे दगड किंवा चर्चमधील लाकडी काम यांच्या नोंदी वाचताना हा फरक सोडून चालत नाही. वनस्पतिसंग्रहांनाही हीच अडचण येते. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर हर्बेरियमसारख्या संग्रहात वाळवलेल्या नमुन्याची खरी किंमत त्याच्या चिठ्ठीवरील गावाच्या नावात असते.

ठाण्याचा ताम्रपट : ठाण्यात सापडलेल्या वस्तूची छापील स्वरूपातील सर्वांत जुनी नोंद बहुधा शिलाहार राजा अरिकेसरी (केशिदेव) याच्या ताम्रपटाची असावी. ठाण्याच्या किल्ल्यात पाया खणताना तो १७८७ च्या सुमारास निघाला. जनरल कार्नॅकने तो कळवला आणि रामलोचन पंडितांच्या विवरणावरून केलेले भाषांतर ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या पहिल्या खंडात (१७८८) छापले गेले. त्या लेखाच्या शीर्षकात दानाचे वर्ष इ. स. १०१८ दिले आहे. पटातील काळ मात्र शके ९३९, पिंगल संवत्सर, कार्तिक पौर्णिमा असा आहे. कार्तिक महिना ख्रिस्ती वर्षाच्या अखेरीकडे येत असल्याने शकात ७८ मिळवावे लागतात आणि वर्ष १०१७ येते. ७९ मिळवावेत ते पौषानंतरच्या तिथींसाठी. शके ९३९ हे गतवर्ष (पूर्ण झालेले वर्ष) धरल्यास दक्षिणेकडील संवत्सरचक्रात पिंगलच येते, म्हणून १०१७ हे वर्ष अधिक ग्राह्य वाटते. पुढील लेखकांनीही तेच स्वीकारले आहे. तरीही १०१८ हा आकडा दुय्यम सूचींतून अधूनमधून डोकावतो. पहिल्या नोंदीतला एक आकडा असा दोन शतके टिकतो. याच पटातील ‘हंयमन’ (हंजमन) या नगराची ओळख गुजरातेतील संजाण या गावाशी पटवावी की त्यात पारशांच्या ‘अंजुमन’चा (सभेचा) उल्लेख पाहावा, याविषयी मतभेद आहेत. संजाणचा पक्ष अधिक रूढ आहे.

नोंद व मूळ वस्तू यांचे नाते कान्हेरीच्या ताम्रपटात स्पष्ट दिसते. जेम्स बर्डने १८३९ मध्ये तेथील एक स्तूप उघडला. त्यात निघालेला त्रैकूटक राजवंशाचा पट (त्यांच्या कालगणनेतील संवत्सर २४५, इ. स. ४९४-९५ च्या आसपास) अभ्यासक आजही बर्डने प्रसिद्ध केलेल्या प्रतीवरूनच वाचतात. अंबरनाथच्या शिवमंदिरातील लेखाचा काळ अभ्यासक भाऊ दाजींनी शके ७८२ वाचला होता, पुढे लेखतज्ज्ञ भगवानलाल इंद्रजींनी तो ९८२ असा दुरुस्त केला. एका अंकाच्या वळणावर दोनशे वर्षे अवलंबून होती. कागदी ठसे जपून का ठेवायचे, याचे उत्तर यात आहे.

सोपारा : भगवानलाल इंद्रजींनी एप्रिल १८८२ मध्ये सोपाऱ्यातील ‘बुरुड राजाचा कोट’ या टेकाडाचे उत्खनन केले. त्याचा वृत्तांत आजही नमुन्यादाखल वाचावा असा आहे. विटांच्या कोठडीत दगडी करंड, त्यात तांब्याचा, त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा. सोन्याच्या करंडकात मातीच्या भांड्याचे तेरा बारीक तुकडे आणि सोन्याची फुले होती. तांब्याच्या करंडकाभोवती आठ ब्राँझ बुद्धमूर्ती मांडलेल्या होत्या आणि सोबत सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचे एक चांदीचे नाणे निघाले. ही सामग्री मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहे. नाण्यावरून स्तूप इ. स. दुसऱ्या शतकाचा ठरतो, तर मूर्ती शैलीवरून आठव्या-नवव्या शतकाच्या दिसतात. स्तूप मध्यंतरी उघडून मूर्ती नंतर ठेवल्या असाव्यात, हे मत आता बहुतेकांना मान्य आहे. कोणती वस्तू कशाच्या आत आणि कोणत्या बाजूला होती हे इंद्रजींनी लिहून ठेवले नसते, तर हा वाद मांडताही आला नसता. त्यांनी टेकाडाचे लोकांच्या तोंडचे नावही टाळले नाही, हे विशेष महत्त्वाचे.

नोंदीची पद्धत : दाखल क्रमांक बहुधा तीन भागांत लिहितात : वर्ष, त्या वर्षातील गट आणि गटातील वस्तू. उत्खननातील खापरावर तो आतल्या बाजूला लिहितात, कारण रंगाचा हात आणि नक्षी बाहेर असते. आधी पारदर्शक लेपाचा पातळ थर, त्यावर काळी शाई, वर पुन्हा लेप. बोटाच्या पेराएवढ्या खापरावर स्थळाचे संक्षिप्त नाव, चर व थर एवढे सर्व मावते. पिशवीतली चिठ्ठी खाडीकाठच्या पावसाळी हवेत विरते किंवा कसर खाते, खापरावरची शाई टिकते.

महसुली कागद हा या अभिलेखांचा दुसरा आधार आहे. १८७८ च्या निखात निधी (जमिनीत पुरलेले धन) अधिनियमानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचा निधी सापडल्यास तो काय आहे, कोठे व केव्हा मिळाला, हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. संग्रहालयाच्या वहीत नुसते ‘ठाणे जिल्हा’ असले, तरी कलेक्टर कचेरीच्या पत्रात शेताचा सर्व्हे नंबर असू शकतो. १९७२ च्या पुरावशेष अधिनियमाने शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंच्या (हस्तलिखितांसाठी पंचाहत्तर) नोंदणीची तरतूद केली.

नवी मुंबई : नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना १९७० मध्ये झाली आणि ठाणे, उरण व पनवेल या तालुक्यांतील ९५ गावांची जमीन नव्या शहराखाली आली. ‘नवी मुंबई’ हे नावही त्यामुळे दोन जिल्ह्यांवर पसरले आहे. बेलापूर पट्टीतील नेरुळ, शिरवणे, करावे ही गावठाणे नोड (नियोजित नगरभाग) आणि सेक्टरांच्या मधोमध आजही उभी आहेत. गधेगाळ (शापाचे चित्र कोरलेले दगड), वीरगळ, दळणाची जुनी जाती यांच्या नोंदीत केवळ सेक्टरचा क्रमांक लिहिला, तर शिवार, बांध आणि पाणवठा हे सगळे संदर्भ तुटतात. मुंबई विद्यापीठाच्या बहिःशाल शिक्षण विभागाशी संबंधित अभ्यासकांनी साष्टीत गावोगाव केलेल्या पाहण्यांत जागेवरच्या अशा अवशेषांकडे लक्ष दिले गेले. प्रस्तुत नोंदलेखकाच्या मते ‘कोठून’ या रकान्यात जुन्या वहीतले शब्द जसेच्या तसे अवतरणात ठेवावेत, पुढे गावठाणाचे नाव व सध्याचा तालुका-जिल्हा कंसात द्यावा आणि अक्षांश-रेखांश शेवटी लिहावेत. जुना शब्द खोडून त्या जागी नवा लिहू नये.