मांजराच्या मेंदूपासून हेल्मेटपर्यंत: अल्ट्रासाऊंडने मेंदूला हात न लावता मेंदूवर काम करण्यामागचा इतिहास

डोक्याला हेल्मेट लावायचं, ना वायर ना ऑपरेशन, आणि कमी तीव्रतेच्या अल्ट्रासाऊंडने, म्हणजे माणसाला ऐकू न येणाऱ्या आवाजाच्या लहरींनी, मेंदूतला नेमका एक भाग थोडा वेळ चेतवायचा किंवा शांत करायचा, अशा बातम्या हल्ली येतायत आणि वाचणाऱ्याला वाटतं हे कालपरवाचं आहे. तसं नाहीये. सुरुवात पाणबुड्यांपासून आहे.

पहिल्या महायुद्धात फ्रान्सचे भौतिकशास्त्रज्ञ पॉल लांजवँ पाणबुड्या शोधायला पाण्यात अल्ट्रासाऊंड सोडत होते. क्वार्ट्झला वीज दिली की ते थरथरतं आणि लहर निघते, आजच्या सोनोग्राफीच्या प्रोबमागेही हीच कल्पना. त्या लहरींच्या वाटेत आलेले मासे मरायचे आणि पाण्यात हात घातला तर दुखायचं, म्हणजे ही लहर शरीराला काहीतरी करते हे तेव्हाच दिसलं होतं. पुढे १९२९ मध्ये न्यूटन हार्वे यांनी बेडूक आणि कासवाच्या स्नायूंवरही तिचा परिणाम होतो हे दाखवलं.

पण माझ्या मते खरी सुरुवात इलिनॉय विद्यापीठातल्या फ्राय बंधूंची. विल्यम फ्राय दुसऱ्या महायुद्धात नौदलासाठी सोनारवर काम करून आलेले, धाकटे फ्रान्सिस त्यांच्यासोबत. १९५८ मध्ये त्यांनी मांजराच्या मेंदूत खोलवर असलेल्या लॅटरल जेनिक्युलेट न्यूक्लियसवर अल्ट्रासाऊंड सोडला, डोळ्यांकडून आलेला सिग्नल इथूनच मागे दृष्टीच्या भागाकडे जातो, एक प्रकारचं जंक्शनच. मांजरासमोर लाईट चमकवला की मागे जो सिग्नल उमटायचा तो एक तृतीयांशाच्याही खाली गेला, आणि अर्ध्या तासाच्या आसपास परत पहिल्यासारखा झाला. परत आला हेच तर महत्त्वाचं, पेशी मेल्या नाहीत, फक्त काही वेळ गप्प बसल्या. याच भावांनी आयोवाच्या रसेल मायर्स या न्यूरोसर्जनसोबत कंपवाताच्या पेशंटवरही काम केलं, पण तिथे तीव्र अल्ट्रासाऊंडने पेशी नष्टच करायच्या होत्या आणि त्यासाठी कवटीचा तुकडा काढावा लागायचा.

सगळी अडचण त्या कवटीचीच. हाड लहर शोषून घेतं, परत फिरवतं, वाकडी करतं, त्यात जाडी सगळीकडे सारखी नाही, त्यामुळे एका ठिकाणी जमवलेली लहर आत जाईपर्यंत विस्कटते. तान्ह्या बाळाच्या मेंदूची सोनोग्राफी टाळूवरून करतात ती याचमुळे, टाळू भरलेली नसते म्हणून तेवढी एक खिडकी मिळते. मोठ्या माणसाला ती खिडकी नाही. मग फ्रिक्वेन्सी खाली आणायची, अर्ध्या मेगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे हाडातून बऱ्यापैकी पार होते, आणि कवटीचा सीटी स्कॅन घेऊन लहर किती वळेल याचं गणित कॉम्प्युटरवर आधीच करायचं. हे गणित जमायला मधली कित्येक वर्षं गेली.

२०१० मध्ये ॲरिझोना स्टेट विद्यापीठात जेमी टायलर यांच्या टीमने कवटी न उघडता उंदराच्या मेंदूतला हालचालींचा भाग चेतवला आणि उंदराचे पंजे हलले. २०१४ मध्ये विन लेगॉन, टायलर आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या मेंदूतल्या स्पर्शाच्या भागावर हाच प्रयोग केला, तेव्हा हाताला टोचलेली टोकं एक की दोन हे लोकांना जास्त अचूक ओळखता आलं. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या यूसीएलए विद्यापीठात कोमातून नीट बाहेर न आलेल्या २५ वर्षांच्या एका तरुणाच्या थॅलॅमसवर, म्हणजे मेंदूत खोलवर असलेल्या आणि सिग्नल पुढे पाठवणाऱ्या भागावर, अल्ट्रासाऊंड दिला, तीन दिवसांत तो मान हलवून हो-नाही सांगायला लागला. पण तो आपणहूनच सुधारत असू शकेल, योगायोगही असेल, हे संशोधकांनी स्वतःच सांगितलं, आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

मग २०१८ मध्ये मोठा धक्का बसला. दोन वेगवेगळ्या टीमनी दाखवलं की प्राण्यांच्या मेंदूत दिसणारा प्रतिसाद बराचसा कानामार्फत येत होता. अल्ट्रासाऊंड आपल्याला ऐकू येत नाही हे खरं, पण तो झटक्यांत चालू-बंद केला की त्या झटक्यांचा आवाज कवटीतून कानाच्या आतल्या भागापर्यंत पोचतो, गिनीपिगच्या कानाची नस तोडल्यावर प्रतिसाद नाहीसाच झाला. किती जणांची कित्येक वर्षांची मेहनत एकदम संशयात आली असेल! पण त्यानंतर लोक झटके हळूहळू चढवायला आणि उतरवायला लागले, हेडफोनवर दुसरा आवाज लावायला लागले, खोटा अल्ट्रासाऊंड देऊन तुलना करायला लागले. माझ्या मते हे क्षेत्र खऱ्या अर्थाने शहाणं झालं ते तेव्हा.

पेशीत नेमकं काय होतं तर दाबाला प्रतिसाद देणारे आयन चॅनल, म्हणजे पेशीच्या आवरणातली विद्युतभारित कण आत-बाहेर सोडणारी बारीक दारं, उघडतात असं एक मजबूत मत आहे, पण त्यावर अजून काम चालू आहे.

आणि २०२५ मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन आणि ऑक्सफर्डच्या टीमने २५६ ट्रान्सड्यूसरचं, म्हणजे अल्ट्रासाऊंड सोडणाऱ्या छोट्या तुकड्यांचं, हेल्मेट बनवून माणसाच्या मेंदूतल्या त्याच लॅटरल जेनिक्युलेट न्यूक्लियसवर अल्ट्रासाऊंड दिला, समोर चौकटींचं चित्र चमकत होतं आणि एमआरआयमध्ये मागच्या दृष्टीच्या भागातली हालचाल वाढलेली दिसली. दुसऱ्या पद्धतीने लहर दिली तेव्हा तीच हालचाल कमी झाली आणि अल्ट्रासाऊंड बंद केल्यावरही निदान ४० मिनिटं कमीच राहिली. फ्राय बंधूंनी मांजराच्या मेंदूत निवडलेलं जंक्शन तेच, फक्त यावेळी कवटी जागच्या जागी होती.