निल की झीरो? इंग्रजांची फुटबॉल कॉमेंट्री आणि अमेरिकेची सॉकर कॉमेंट्री

आधी एक घोळ निस्तरून टाकू. ‘अमेरिकन फुटबॉल’ या नावाखाली दोन खेळ येऊ शकतात. एक हेल्मेट घालून, लंबगोल चेंडू छातीशी धरून धावण्याचा. दुसरा म्हणजे आपलाच फुटबॉल, जो कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार खेळतात. अमेरिकेत त्याला सॉकर म्हणतात. इथे मी दुसऱ्याबद्दल लिहितोय. पहिला अधूनमधून डोकावेल, कारण दुसऱ्याच्या कॉमेंट्रीवर त्याची छाप आहे.

अमेरिकेत स्थायिक झालेले ब्रिटिश लोक या कॉमेंट्रीवर मनापासून वैतागलेले असतात. प्रीमियर लीगचा दुपारी साडेबाराचा सामना अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळी साडेसातला लागतो. न्यू जर्सीत शनिवारी त्या वेळी पब उघडा असतो, गळ्यात मफलर अडकवून मंडळी बसलेली असतात आणि पडद्यावरचा अमेरिकन तज्ज्ञ ‘ऑफसाइड्स’ म्हणाला, शेवटी तो ‘स’ लावून, की कुणीतरी कण्हतंच. त्यांच्या तक्रारींचे दोन ढीग करता येतात. एक शब्दांबद्दलच्या, दुसरा बोलण्याच्या पद्धतीबद्दलच्या. पहिला ढीग मोठा दिसतो, पण त्यात फारसा दम नाही. दुसऱ्यात आहे. गंमत अशी की बहुतेक वेळा या दोन्ही तक्रारी एकमेकींत मिसळून मांडल्या जातात आणि मग खरी गोष्ट बाजूलाच राहते.

शब्दांपासून सुरुवात करू. इंग्रज ‘पिच’ म्हणतो, अमेरिकन ‘फील्ड’. इंग्रजाचे ‘बूट’, अमेरिकनाचे ‘क्लीट्स’. ‘किट’ची ‘युनिफॉर्म’ होते, एकही गोल न खाल्ल्याच्या ‘क्लीन शीट’चं ‘शटआउट’, गुणतालिकेच्या ‘टेबल’चं ‘स्टँडिंग्ज’. पेनल्टीला अमेरिकेत सरळ ‘पीके’ म्हणतात. गोलच्या वरच्या कोपऱ्यात चेंडू बसला की इंग्लंडमधली पोरं ‘टॉप बिन्स’ म्हणून ओरडतात, अमेरिकेतली ‘अपर नाइंटी’ म्हणून. आडवा आणि उभा खांब जिथे काटकोनात मिळतात तो कोपरा म्हणजे नव्वद अंश. मला तर हा शब्द फार आवडतो. आणि दोन-शून्य ही गोलसंख्या इंग्रज ‘टू-निल’ अशी सांगतो, अमेरिकन ‘टू-नथिंग’ किंवा ‘टू-झीरो’. आपण ‘दोन-शून्य’ म्हणतो आणि खेळात काडीचा फरक पडत नाही.

काही शब्दांत मात्र नुसती नापसंती नसते, खरोखर गैरसमज होतो. ‘टाय’ हा त्यातला सगळ्यात वाईट. अमेरिकेत ‘टाय’ म्हणजे बरोबरीत सुटलेला सामना. इंग्लंडमध्ये बरोबरीला ‘ड्रॉ’ म्हणतात आणि ‘टाय’ म्हणजे कप स्पर्धेतली लढत, मग तिचा निकाल काहीही लागो. ‘ग्रेट टाय’ हे दोनच शब्द कानावर पडले तर एकाला वाटतं सामना संपला, दुसऱ्याला वाटतं अजून व्हायचाय. आणि त्यात भर म्हणजे इंग्लंडमध्ये कपच्या लढतींची सोडत निघते, तिलाही ‘ड्रॉ’च म्हणतात.

संघांची नावं घेण्याचा क्रमही उलटा. इंग्लंडमध्ये यजमानाचं नाव आधी येतं. ‘आर्सेनल-चेल्सी’ म्हटलं की सामना आर्सेनलच्या मैदानावर, हे वेगळं सांगावं लागत नाही. बेसबॉल-बास्केटबॉलवर वाढलेला अमेरिकन पाहुण्याचं नाव आधी घेतो, ‘चेल्सी ॲट आर्सेनल’. फुटबॉलपुरता हा उलटा क्रम आता तिथेही मागे पडलाय, पण जुनी सवय तोंडातून निसटते आणि ऐकणारा क्षणभर चुकीच्या मैदानावर जातो. बाकी संघासाठी ‘आर’ वापरणाऱ्या इंग्रजांना खटकणारं ‘लिव्हरपूल इज प्लेइंग’ हे एकवचन मला मुळीच खटकत नाही. मराठीतही संघ एकटाच जिंकतो. ‘मुंबई जिंकली’ म्हणतो आपण, ‘मुंबई जिंकल्या’ नाही.

आता ‘सॉकर’. हा शब्द अमेरिकनांनी खेळावर लादला, असं कित्येक ब्रिटिश अजून ठामपणे सांगतात, आणि इथे ते साफ चूक आहेत. १८६३ साली लंडनमध्ये फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली आणि तिच्या नियमांनी खेळला जाणारा तो ‘असोसिएशन फुटबॉल’. शब्दांची मोडतोड करून शेवटी ‘अर’ लावायची ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांना खोड होती. रग्बीचं ‘रगर’ झालं आणि ‘असोसिएशन’मधल्या ‘सॉक’चं ‘सॉकर’. इंग्लंडमध्ये पुढची कित्येक दशकं हा शब्द बिनदिक्कत चालत होता. ‘वर्ल्ड सॉकर’ हे मासिक १९६० साली निघालं ते लंडनमधूनच, आणि स्काय स्पोर्ट्सच्या शनिवारच्या कार्यक्रमाच्या नावात ‘सॉकर’ आहेच. उलट अमेरिकेतली राष्ट्रीय संघटना १९१३ साली सुरू झाली तेव्हा तिच्या नावात फक्त ‘फुटबॉल’ होतं. १९४५ मध्ये त्यात ‘सॉकर’ आलं आणि ‘फुटबॉल’ गळालं थेट १९७४ साली. म्हणजे घरचाच शब्द परदेशी गेला आणि घरच्यांनी त्याला परका ठरवला.

खेळ तरी अमेरिकेला कुठे नवा? न्यू जर्सीतलं कर्नी हे गाव बघा. एकोणिसाव्या शतकात क्लार्क कंपनीच्या दोऱ्याच्या गिरण्यांत काम करायला स्कॉटलंडहून माणसं आली आणि येताना फुटबॉल घेऊन आली. त्यांच्या संघाचं नाव ‘ओएनटी’, म्हणजे ‘अवर न्यू थ्रेड’, कंपनीच्या दोऱ्याचंच नाव. १८८५ सालचा पहिला अमेरिकन कप या संघाने जिंकला. या कर्नीतच पुढे जॉन हार्क्स वाढला. त्याचे वडील डंडीचे. हार्क्स शेफील्ड वेन्सडेकडून खेळला, प्रीमियर लीगमधला पहिला अमेरिकन ठरला, १९९३ च्या लीग कपच्या अंतिम सामन्यात वेम्बलीवर त्याने गोल केला. निवृत्तीनंतर तो कॉमेंट्री बॉक्समध्ये गेला. तो पुन्हा येणार आहे, लक्षात ठेवा.

आता दुसऱ्या ढिगाकडे. समजा आर्सेनल सावकाश चाल रचतंय. इंग्रज कॉमेंटेटर म्हणेल, ‘राइस... ओडेगार्ड... साका.’ मग गप्प. बचावपटू मागे सरकतोय, प्रेक्षकांचा आवाज चढतोय. ‘साका... आत शिरलाय.’ बस. तेवढ्याच वेळात अमेरिकन जोडीतला एक सांगून टाकेल की साकाचे या मोसमात किती असिस्ट, म्हणजे गोल करून देणारे पास, झाले, दुसरा सांगेल की डावखुरा खेळाडू उजव्या बाजूला का खेळवतात, आणि मग पहिला विचारेल, ‘हे थोडं बास्केटबॉलमधल्या पिक-अँड-रोलसारखं झालं का?’ एकही वाक्य चुकीचं नाही. पण तोवर चेंडू गोलजवळ पोचलेला असतो आणि बोलणाऱ्याला आपलंच वाक्य अर्ध्यात तोडावं लागतं.

या दोन पद्धती दोन वेगळ्या मुशीतून आल्यात. बीबीसीची पहिली फुटबॉल कॉमेंट्री २२ जानेवारी १९२७ रोजी रेडिओवर झाली. हायबरीवर आर्सेनल विरुद्ध शेफील्ड युनायटेड. ‘रेडिओ टाइम्स’मध्ये मैदानाचा नकाशा चौकोन पाडून, आकडे घालून छापला होता. टेडी वेकलम खेळ सांगत होते आणि शेजारी बसलेला सहकारी चेंडू कुठल्या चौकोनात आहे तो आकडा पुकारत होता. रेडिओवर सगळं सांगावंच लागतं. आकाशवाणीवर बाळ ज. पंडितांची मराठी कॉमेंट्री ऐकलेल्यांना हे समजावून सांगायला नको. टीव्ही आल्यावर मात्र ब्रिटिश कॉमेंटेटर एकेक गोष्ट गाळायला शिकले. जे दिसतंय ते सांगायचं नाही. चेंडू कोणाकडे आहे तेवढं नाव घ्यायचं आणि आवाजाच्या चढउतारातून धोका किती जवळ आलाय ते कळू द्यायचं.

अमेरिकन टीव्हीची घडण हेल्मेटवाल्या फुटबॉलवर आणि बेसबॉलवर झाली. तासाभराच्या घड्याळाचा तो फुटबॉल टीव्हीवर तीन तास चालतो आणि त्यात चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो जेमतेम अकरा मिनिटं. उरलेला वेळ भरायचा तर माणसं लागतातच. म्हणून तिथे दोन ठरलेल्या भूमिका आहेत. ‘प्ले-बाय-प्ले’वाला घडतंय ते सांगतो, ‘कलर’वाला, बहुधा माजी खेळाडू, ते का घडलं ते उलगडतो. हेल्मेटवाल्या फुटबॉलचे ‘कलर’वाले जॉन मॅडन पडद्यावर रेघा ओढून एकेक डाव फोडून दाखवत, ते पाहणं म्हणजे एक उत्तम शिकवणी होती. पण त्या शिकवणीला खेळ थांबलेला लागतो. सॉकर पंचेचाळीस मिनिटं थांबत नाही. तीच शिकवणी तिथे आणली की ती चालू खेळाच्या डोक्यावर बसते.

हे आणण्याचे प्रयोग झाले. २००६ च्या विश्वचषकाला ईएसपीएन या अमेरिकन क्रीडावाहिनीने मुख्य कॉमेंटेटर म्हणून डेव्ह ओब्रायन यांना नेमलं; ते मूळचे बेसबॉलचे. २०१३ मध्ये फॉक्सने गस जॉन्सन यांना चॅम्पियन्स लीगला बसवलं. ते बास्केटबॉल आणि कॉलेज फुटबॉल गाजवलेले. दोघेही आपापल्या खेळात अव्वल, पण सॉकरच्या प्रेक्षकांनी दोघांनाही स्वीकारलं नाही, आणि पुढच्याच वर्षी जॉन्सन बाजूला झाले. २०१० साली ईएसपीएनने मार्टिन टायलर, इयन डार्क असे ब्रिटिश आवाज आणले आणि तक्रारींचा सूर एकदम खाली आला. २०१३-१४ पासून प्रीमियर लीग दाखवणाऱ्या एनबीसीनेही आधी आर्लो व्हाइट आणि मग पीटर ड्रुरी, असे इंग्रजच मुख्य जागेवर ठेवले.

यावरून ब्रिटिश मंडळी जो निष्कर्ष काढतात तो मला पटत नाही. अमेरिकनांना गप्प बसता येत नाही, म्हणतात. १३ मे २०१२ रोजी ९४व्या मिनिटाला अग्वेरोने मँचेस्टर सिटीला विजेतेपद मिळवून देणारा गोल केला, तेव्हा मार्टिन टायलरनी त्याचं नाव ताणून उच्चारलं आणि मग काही सेकंद नुसता स्टेडियमचा गलका ऐकू दिला. हे उदाहरण ते हमखास देतात, आणि ते आहेच तसं. पण ८ एप्रिल १९७४ रोजी बेसबॉलमध्ये हँक ॲरनने ७१५ वा होमरन मारून बेब रूथचा विक्रम मोडला, तेव्हा चेंडू गेल्याचं सांगून झाल्यावर कॉमेंटेटर विन स्कली काय बोलले? काहीच नाही. बराच वेळ फक्त लोकांचा जल्लोष प्रक्षेपित होत राहिला. १९८० साली लेक प्लॅसिडच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या आइस हॉकीच्या पोरांनी सोव्हिएत संघाला हरवलं, तेव्हा अल मायकल्सनी एक वाक्य उच्चारलं आणि तेही थांबले. गप्प राहण्याची कला अमेरिकेत आहे, उच्च दर्जाची आहे.

मग सॉकरमध्येच ती का हरवते? माझं म्हणणं असं: स्कलींना खात्री होती की ऐकणाऱ्याला ७१५ चा अर्थ कळतो. सॉकरच्या अमेरिकन कॉमेंटेटरला ती खात्री बरीच वर्षं नव्हती. प्रेक्षक नवखा असेल, ०-० ला कंटाळून चॅनल बदलेल, या धास्तीने तो बोलत राहिला. आकडे, उपमा, नियमांची उजळणी, सगळं त्या धास्तीपोटी. धास्ती एकट्या कॉमेंटेटरची नव्हतीच. १९९६ मध्ये एमएलएस (मेजर लीग सॉकर) ही अमेरिकेची लीग सुरू झाली तेव्हा घड्याळ पंचेचाळीसवरून शून्याकडे उलटं पळायचं आणि बरोबरी नको म्हणून ३५ यार्डांवरून गोलरक्षकावर धावून जायचा शूटआउट होता. पाच सेकंदांत निकाल लावायचा. १९९९ च्या मोसमानंतर दोन्ही प्रकार गेले. लीगला कळलं की प्रेक्षकाला बरोबरी पचते. कॉमेंट्रीला हे कळायला जरा जास्त वेळ लागला.

धास्ती नसली की काय होतं, हे त्याच देशात दुसऱ्या भाषेत ऐकू येतं. आंद्रेस कांतोर अमेरिकेतल्या स्पॅनिश वाहिन्यांवर गेली कित्येक वर्षं कॉमेंट्री करतात. श्वास पुरेल तोवर लांबवलेला त्यांचा ‘गोsssल’ १९९४ च्या विश्वचषकात इंग्रजी बोलणाऱ्यांच्याही कानी बसला. इंग्रजांच्या तुलनेत ते अखंड बोलतात, पण त्यांना समजावून सांगताना कुणी ऐकलं नाही. खेळ ओळखीचा धरूनच ते सुरू करतात.

म्हणून अमेरिकन कॉमेंटेटरने ‘निल’ आणि ‘पिच’ म्हणायला शिकावं, हा आग्रह मला बिनकामाचा वाटतो. उसना उच्चार ऐकताना अवघडल्यासारखं होतं, खुद्द इंग्रजांनाही होतं. शेजारच्या संघांच्या लढतीला ‘डार्बी’ म्हणणाऱ्याने डार्बी म्हणावं, ‘डर्बी’ म्हणणाऱ्याने डर्बी.

२०१० च्या विश्वचषकातलं, २३ जूनचं प्रिटोरियातलं रेकॉर्डिंग सापडलं तर ऐकाच. अमेरिका विरुद्ध अल्जीरिया, ०-०, नव्वद मिनिटं होऊन गेलेली. बरोबरी झाली तर अमेरिका घरी. कॉमेंट्री बॉक्समध्ये पोर्ट्समथचा इयन डार्क आणि शेजारी कर्नीचा जॉन हार्क्स. गोलरक्षक हॉवर्ड चेंडू लांब फेकतो, डोनोव्हन धावत सुटतो, अल्टिडोर आत देतो, डेम्प्सीचा फटका अडतो आणि परत आलेला चेंडू डोनोव्हन जाळ्यात ढकलतो. आयुष्यभर जपून बोलणारा डार्क त्या क्षणी ‘गो, गो यूएसए’ म्हणून ओरडतो. हे वाक्य ब्रिटिश कॉमेंट्रीच्या कुठल्याच शिस्तीत बसत नाही, आणि पबमधल्या माझ्या ओळखीच्या एकाही इंग्रजाने त्याबद्दल कधी तक्रार केलेली नाही.